शपथ घातलेली डिस्क

बेकवाई गावात माणूस मेल्यावर रडायला घरचे पुरे पडतात, पण तो रीतसर मेला हे गावाला पटवायला मादाम दापाच लागते. तिच्या दुकानातून रंगीत पोस्टर निघून बाजाराच्या भिंतीला चिकटलं की मगच लोक हळहळायला लागतात; तोवर नुसती कुजबुज. पोस्टर केवढं आहे, फोटोतला माणूस उभा आहे की खुर्चीत बसलाय, खाली छापलेल्या नातेवाइकांपैकी परदेशात किती आणि ओबुआसीच्या खाणीत किती, एवढ्यावरून मादाम दापा त्या घराची कुंडली मांडून दाखवी. भाऊ एकमेकांशी बोलत नसले की पोस्टर मोठं होतं, असं तिचं इतक्या वर्षांचं निरीक्षण होतं, आणि बाजाराची भिंत रोज त्याला पुरावा देत होती.

दुकानाचं नाव ‘अजूनही कृपा’. रस्त्यापलीकडे बोआमानं तसलंच दुकान टाकलं तेव्हा त्यानं पाटी लावली, ‘त्याहून अधिक कृपा’. “मेला देवाचंही माप काढतो,” असं मादाम दापा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे आणि मग आपल्या पाटीला नवा रंग देऊन घेई.

लॉरीवाला फोसुहेने गेला तेव्हा काम तिच्याकडेच आलं. पोस्टर, मंडपावरचा फलक आणि मुख्य म्हणजे पुस्तिका. शनिवारी मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या हातात ती पुस्तिका पडायला हवी: मुखपृष्ठावर फोसुहेने, आत त्याचं चरित्र, कुळाची श्रद्धांजली, चर्चची, लॉरीवाल्यांच्या संघटनेची, आणि विधवेचं पान. उकाडा असला तर लोक तिनंच वारा घेतात, पण वारा घेता घेता वाचतात, आणि घरी नेऊन वर्षानुवर्षं ठेवतात. छापलं ते घडलं, असा गावचा हिशेब.

फोसुहेनेचा वारस म्हणजे त्याचा भाचा, अजेकुम. तिथल्या रीतीनं वारस बहिणीचाच मुलगा असायचा, त्यात वाद नव्हता. वाद होता तो वळणावरच्या घरावरून. फोसुहेनेची बायको अफ्राकोमा त्या घरात केस पिकेपर्यंत नांदली होती. मूलबाळ नव्हतं. आणि बायको कितीही वर्षं नांदली तरी कुळाच्या लेखी ती पाहुणीच. पाहुण्यानं मुक्काम कधी हलवायचा, ते चाळिसाव्या दिवशी कूळ बसून ठरवणार होतं.

तेव्हा दोन्ही बाजूंचा एकमेकांवर किती विश्वास असेल, ते सांगायला नको. फोटोंवरूनच पहिली ठिणगी पडली. अफ्राकोमा म्हणे, भाचा तिच्याबरोबरचे फोटो गाळणार. भाचा म्हणे, मामी कुळाचे गाळणार. शेवटी कुळाचे वडील नाना अमोआको मध्ये पडले आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना घेऊन दुकानात आले. सगळे फोटो एकाच डिस्कवर भरलेले होते. हातात मावेल एवढी काळी डबी, शेपटीसारखी वायर. दुसरीकडे कोणाकडे एकही फोटो ठेवायचा नाही, असं ठरलं होतं.

मादाम दापानं वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली. त्याला ती मशीनच म्हणे. फोटो दिसले. सगळ्यांनी मोजून घेतल्यासारखे पाहिले.

“आता ही काढायची नाही,” अफ्राकोमा म्हणाली.

“संध्याकाळी मी सगळ्या डिस्का काढून ठेवते, मामे,” मादाम दापा म्हणाली. “सवयच आहे माझी.”

“हिला हात लावायचा नाही. एकदा निघाली की परत लागेल ती हीच, कशावरून?” तिनं भाच्याकडे न बघता हे म्हटलं, म्हणून सगळ्यांनी भाच्याकडे बघितलं.

अजेकुम हसला. “माझी काही हरकत नाही. मी तर म्हणतो, बांधूनच टाका.”

त्याला गंमत करायची होती. पण नानांना गंमत कळायची नाही. आयुष्यभर ते गंभीर माणसांच्या पुढे चालत आले होते. त्यांनी खांद्यावरच्या तांबड्या सुतकी कापडाची किनार फाडून पट्टी केली. डिस्क मशीनच्या पाठीला लावून पट्टीनं आवळली, पट्टी मशीनच्या पेटीभोवती फिरवली.

“अशी उभी घ्या, नाना,” मादाम दापा उत्साहानं म्हणाली. “म्हणजे पेटीचं झाकणही कोणाला उघडता येणार नाही.” आपल्या दुकानात असला बंदोबस्त होतोय याचा तिला अभिमान वाटत होता. समोरून बोआमा मान उंचावून बघत होता, हेही तिनं टिपलं.

गाठ वर आली. नानांनी पिशवीतून श्नॅप्स दारूची बाटली काढली.

“उंबऱ्यावर ओता, नाना. मशीनवर नको, करंट लागेल.”

नानांनी उंबऱ्यावर धार धरली, पूर्वजांना एकेका नावानं हाक मारली आणि सांगितलं: पुस्तिका छापून हातात येईपर्यंत ही गाठ सुटणार नाही. सोडायचीच झाली तर आत्ता इथे जे चौघं उभे आहेत, नाना, अजेकुम, अफ्राकोमा आणि मादाम दापा, त्या चौघांच्या देखत सुटेल. एकानं जरी पाठीमागे सोडली, तर फोसुहेनेनं येऊन त्याला जाब विचारावा.

मादाम दापा पक्की चर्चवाली. पूर्वजांना दारू पाजणाऱ्यांच्या नावानं ती दर रविवारी बोटं मोडायची. पण फोसुहेनेचं नाव घेतल्यावर तिनंही पायातली चप्पल काढली. येऊ म्हटलं तर येईल, असा तो माणूस होता.

सगळे गेल्यावर अफ्राकोमा मागे राहिली. संध्याकाळपासून तिला विधवा म्हणून खोलीत बसवणार होते. शनिवारी मूठमाती देईपर्यंत तिला उंबरा ओलांडायचा नव्हता, आणि मंडपात तर तिनं बोलायचं नसतंच.

“माझं पान लिही,” ती स्टुलावर बसत म्हणाली.

मादाम दापाकडे विधवांचं एक तयार पान होतं. ‘तू माझ्या घराचा खांब होतास’ इथून सुरू व्हायचं, आणि नाव बदललं की कुठल्याही नवऱ्याला चालायचं. बोआमाकडेही हुबेहूब तेच होतं. कोणी कोणाचं उचललं यावर दोघांचं एकदा कडाक्याचं भांडण झालेलं. मादाम दापानं ते पान उघडलं.

“ते नको. मी सांगते, तू मार बटणं.”

आणि ती सांगत गेली, मादाम दापा बटणं मारत गेली. कागद नव्हता, खाडाखोड नव्हती. अफ्राकोमाला वाचता येत नव्हतं, पण शेवटी तिनं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “पत्र्यांचं कुठे आलं?” मादाम दापानं दाखवलं. अफ्राकोमानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. “हे राहू दे. मला तिथे बोलता येणार नाही. हे बोलेल.”

“राहील, मामे. माझ्या दुकानातून गेलं की राहिलं.”

मंगळवारी अजेकुम कच्ची प्रत बघायला आला. पडद्यावर सगळी पानं झरझर बघितली, विधवेच्या पानाशी थांबला. एकदा वाचलं. मग परत वाचलं. “छान लिहिलंय,” म्हणाला. ज्याला खरंच छान वाटतं तो दुसऱ्यांदा वाचत नाही, एवढं मादाम दापाला कळत होतं. पण तिच्या हातून काही निघणार नव्हतं आणि त्याच्या हातून काही लागणार नव्हतं. मध्ये गाठ होती. ती निर्धास्त होती.

बुधवारी सकाळी वीज गेली.

वीज जाण्यात नवल नव्हतं. अख्ख्या बाजारात एकाच वेळी ‘आऽ’ झालं आणि लोक पुन्हा कामाला लागले. एरवीही घाईच्या आठवड्यात मादाम दापा मशीन बंद करतच नसे, म्हणून सोमवारपासून ते चालूच होतं. वीज आली तेव्हा तिनं बटण दाबलं आणि मक्याच्या केंकेचा घास तोंडात घातला. पडदा काळा झाला. काळ्यावर एक पांढरी ओळ आली. सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. डिस्क काढा आणि कुठलंही बटण दाबा.

तिनं बटण दाबलं. मशीननं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. तिनं दुसरं बटण दाबलं. मग ओळीत सगळी दाबली. मशीन आपल्या म्हणण्यावर ठाम होतं.

मशीन तविआनं बसवून दिलेलं. तिनं त्याला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. “ते प्रार्थनेच्या डोंगरावर गेलेत, मादाम. उपासाला. फोन दारातच काढून घेतात तिथे.”

“कधी येतील?”

“देवानं उतर म्हटल्यावर.”

“देवाला म्हणावं, शनिवारी अंत्यविधी आहे.”

मग तिनं कुमासीला सेलोर्मला फोन केला. सेलोर्म तिथल्या बाजारात मशीनं दुरुस्त करी; बाईमाणूस असल्यानं गिऱ्हाइकं आधी शंका घेत आणि मग तिच्याकडेच जात.

“पडद्यावर काय आलंय ते वाचा बघू,” सेलोर्म म्हणाली. मादाम दापानं वाचलं. “मागे काही खुपसलेलं आहे का? पेन ड्राइव्ह, डिस्क, काही?”

“आहे. डिस्क आहे.”

“ती काढा, मशीन चालू करा. झालं. बरं, ठेवू?”

“थांब गं, ठेवू नको! काढता येत नाही.”

“अडकलीय? हळूच हलवून ओढा.”

“अडकली नाही. शपथेत आहे.”

मग सेलोर्म म्हणाली, “मादाम, मी मशीनं दुरुस्त करते. शपथा नाही.”

मादाम दापानं सगळं सांगितलं. सेलोर्म मध्ये दोनदा हसली आणि तिसऱ्यांदा हसली नाही.

“ऐका,” ती म्हणाली. “मशीन जागं झालं की आधी कोणाच्या दारात जायचं, ते त्याला ठरवून दिलेलं असतं. तुमच्याला कोणीतरी सांगून ठेवलंय, आधी बाहेरच्याला विचार, मग घरच्याला. तविआनं पेन ड्राइव्हवरून मशीन भरलं असेल आणि क्रम तसाच ठेवला असेल. आता ही बाहेरची डिस्क म्हणते, माझ्याकडे काही नाही. आणि तुमचं मशीन तिथेच उंबऱ्यावर बसून राहतं. आतली डिस्क ठणठणीत आहे हो. तिच्यापर्यंत कोणी जातच नाही.”

“म्हणजे काम आत आहे?”

“सगळं आत आहे.”

हे ऐकून मादाम दापाला जास्तच कसंतरी झालं. मेलं असतं तर रडता आलं असतं.

“मग क्रम बदलू,” सेलोर्म म्हणाली. तिनं कुठलं बटण दाबून धरायचं ते सांगितलं. निळा पडदा आला आणि त्यानं पासवर्ड मागितला. तविआनं घातलेला. दुसऱ्या कोणाला हे मशीन दुरुस्त करता येऊ नये म्हणून तो सगळ्यांच्या मशीनला घालायचा. आणि घातला म्हणून सांगायचाही नाही. “बरं, निदान या एका वेळेपुरतं आतल्या डिस्कवरून सुरू हो, असं सांगायचं बटण असतं.” तिथेही पासवर्ड. “काय माणूस आहे! मग पेटी उघडा. आत गोल बटणाएवढा सेल असतो. तो काढला की जुन्या मशीनचा पासवर्ड जातो.”

“पेटी उघडत नाही.”

“का? स्क्रू गंजलेत?”

“गाठ पेटीवरूनच आहे.” आणि ती कोणी सुचवली, हे मादाम दापानं सांगितलं नाही.

“कामाची नक्कल ठेवली असेल ना कुठे?”

“ठेवलीय की! मी काय आज धंद्यात आलेय?”

“कुठे ठेवलीत?”

“त्याच, गाठीतल्या डिस्कवर.”

सेलोर्मनं मोठा श्वास सोडला. “मादाम, पट्टी कापा. लोक अंतराळात जातात.”

दुकानात कात्री होती. चांगली धारेची, फलक कापायची. मादाम दापानं ती हातात घेतली, गाठीजवळ नेली. समोर बोआमा आपल्या दारात खुर्ची टाकून बसला होता आणि दात कोरत होता. गाठ कापलेली दिसली, तर दुपारपर्यंत अख्ख्या बेकवाईत होईल की मादाम दापाकडे मेलेल्याची शपथही टिकत नाही. मग कोण आपला माणूस तिच्या हातात देईल? आणि अजेकुम म्हणेल, डिस्क बदलली, पान घुसडलं. म्हणजे पान छापूनही खोटं ठरेल. तिनं कात्रीनं आपली नखं कापली आणि ती ठेवून दिली.

मग ती नानांकडे गेली. नाना अंगणात भाड्याच्या खुर्च्या मोजून घेत होते.

“सोडू की,” ते म्हणाले. “चौघं हवेत पण.”

“अफ्राकोमा खोलीतून निघायची नाही, नाना.”

“हं. विधवा मशीनकडे येत नाही, तर मशीनला विधवेकडे न्या.” आपल्याला हे सुचलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

तेव्हा गुरुवारी ‘अजूनही कृपा’मधून मशीन निघालं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर, तांबडी पट्टी बांधलेलं, एका बाजूनं मादाम दापानं धरलेलं. टॅक्सीवाल्यानं विचारलं, “कोण वारलं?” रस्त्यात दोन बायकांनी डोक्यावरचं ओझं सावरत मान लववली. बोआमा खुर्चीतून उठून उभा राहिला. तेवढी रीत त्याच्याकडे होती.

वळणावरच्या घरी अफ्राकोमा चटईवर बसली होती. फोसुहेनेच्या दोन बहिणी दोन अंगांना, पहारा दिल्यासारख्या. मशीन तिच्यापुढे ठेवलं. नाना आले, त्यांनी बाटली बाहेर काढून ठेवली. चौघांपैकी तिघं झाले. नानांनी अजेकुमला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन हातावर आडवा धरला.

“नाना, मी कुमासीला आलोय, शवपेटी घ्यायला. मामाला साधी पेटी कशी चालेल?”

“गाठ सोडायचीय. मशीन अडलंय.”

“अरेरे. सोडा ना. पण थांबा, शपथ चौघांची आहे. माझ्यामुळे तुम्हाला पूर्वजांचा दोष नको, नाना. मी पोचतोच.”

“कधी?”

“हा काय, निघालोच.”

नाना कौतुकानं म्हणाले, “आजकालच्या पोरांत एवढी भीड कुठे असते?”

अफ्राकोमानं मादाम दापाकडे बघितलं. मादाम दापानं मशीनकडे बघितलं. दुपार कलली. बहिणींनी फुफू खाल्लं, नानांनी एक डुलकी काढली, पुन्हा फोन केला. अजेकुम निघालाच होता. मग तो वाटेतच होता. मग त्याचा फोन लागेना.

“नाना, तो येणार नाही,” मादाम दापा शेवटी म्हणाली. “त्याला यायचं नाही. त्यानं पान वाचलंय.”

“कुठलं पान?”

बहिणींनी कान टवकारले. मादाम दापानं तोंड मिटलं. पानात काय आहे ते इथे, यांच्यापुढे, छापल्याशिवाय सांगून टाकलं तर ते नुसतं एका बाईचं बोलणं झालं असतं.

“समजा,” तिनं हळूच विचारलं, “तिघांनीच सोडली तर?”

नाना दुखावले. “आज तिघांनी सोडायची, उद्या दोघांनी. मग मी मेल्यावर माझी शपथ कोण पाळेल?” त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी सकाळी अजेकुम गावात होता. तो वळणावर आला नाही. बोआमाच्या दुकानात होता. तिथलं छपाईयंत्र कुत्र्यानं धापा टाकाव्यात तसं चाललं होतं. मादाम दापा रस्ता ओलांडून गेली. पाटी लागल्यापासून त्या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं नव्हतं.

“ये मादाम,” बोआमा म्हणाला. “बस. अधिक कृपा आहे, सगळ्यांना पुरेल.”

टेबलावर मुखपृष्ठ होतं. फोसुहेने लॉरीला टेकून उभा. तो फोटो डिस्कवरचा होता.

“फोटो दुसरीकडे नव्हते ना कोणाकडे?” तिनं अजेकुमला विचारलं.

“इटलीतल्या बहिणीनं पाठवले, मादाम. देवच पावला. तुमचं मशीन असं ऐन वेळी बसलं. मामाला पुस्तिकेशिवाय कसं पोचवायचं? कुळाची लाज गेली असती.”

“मग आता तरी चल. गाठ सोडू. विधवेचं पान तेवढं काढते आणि बोआमाला देते.”

“पान आहे ना!” अजेकुम म्हणाला. “बोआमा, दाखव.”

बोआमानं दाखवलं. वर अफ्राकोमाचा फोटो, जुना, कोणाच्या तरी लग्नातला. खाली: तू माझ्या घराचा खांब होतास.

मादाम दापा बोआमाकडे वळली. “तिचं तिनं सांगितलेलं पान आहे, बोआमा. तूही धंद्यातलाच आहेस. एक जागा ठेव. मी तिच्याकडून पुन्हा लिहून आणते.”

बोआमानं दातांतली काडी काढली. या वेळी त्यानं टोमणा मारला नाही, आणि तेच तिला लागलं. “गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं, दापा. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.”

तिनं असंच केलं असतं. कितीदा तरी केलं होतं.

तरी ती वळणावर गेली. “मामे, पुन्हा सांग. मी पाठ करून जाते, कुठेतरी छापून घेते. एक सुटा कागद असेना.”

अफ्राकोमाच्या दोन्ही बाजूंना बहिणी होत्या, पुढे मातीच्या भांड्यात पाणी होतं. तिनं त्या पाण्यात बोटं बुडवली. “ते त्या दिवशी निघालं,” ती म्हणाली. “आता आत हात घातला की नुसतं रडू लागतं हाताला. तुला आठवत नाही का? तूच बटणं मारलीस.”

मादाम दापानं आठवून बघितलं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचं दुःख बोटांनी ऐकलं होतं. कानात काही उरत नसे. पत्र्यांचं काहीतरी होतं. हॉर्नचं काहीतरी होतं. ओळ एकही सापडेना.

शनिवारी अंत्यविधी थाटात झाला. लोक म्हणाले, लॉरीच्या आकाराची शवपेटी असती तर आणखी शोभलं असतं, पण ही झकास. उकाडा मरणाचा. तांबड्या-काळ्या कापडांच्या रांगांतून शेकडो फोसुहेने एकदम हलत होते, वारा घालत होते. छपाई चांगली होती. मादाम दापानं खोट काढायला प्रत हातात घेतली आणि खोट निघाली नाही. विधवेच्या रांगेपुढून जाताना एकेक बाई वाकून अफ्राकोमाचा हात धरायची. “काय सुंदर लिहिलंस गं. मला तर भडभडून आलं.” अफ्राकोमा मान हलवायची. तिनं काय लिहिलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं, आणि काय छापलं होतं ते कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी अजेकुम आपणहून आला. नाना आले, अफ्राकोमाही आली; आता ती उंबरा ओलांडायला मोकळी होती. मशीन परत दुकानात आलं होतं. शपथेप्रमाणे पुस्तिका छापून हातात आली होती, कोणाच्या हातची हे शपथेत नव्हतं. नानांनी श्नॅप्स ओतलं, पूर्वजांचे आभार मानले आणि गाठ सोडली. अजेकुमनं स्वतः वायर काढली आणि डिस्क अदबीनं दोन्ही हातांनी नानांना दिली.

मादाम दापानं बटण दाबलं. मशीन उठलं. काही झालंच नाही अशा थाटात त्यानं आपली सकाळ दाखवली, आणि बुधवारी जिथे थांबलं होतं ते काम समोर आणून ठेवलं.

“झालं की सुरू!” नाना म्हणाले.

“वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत हे पान घालू, मामी,” अजेकुम मऊपणे म्हणाला. “नक्की घालू.” वर्षानं ती कुठल्या गावात असेल ते कोणीच बोललं नाही. नाना डिस्क कापडात गुंडाळून निघाले, अजेकुम त्यांना हात देत गेला.

अफ्राकोमा स्टुलावर बसली, पुस्तिका मांडीवर. “लोक म्हणतात मी छान लिहिलंय. काय लिहिलंय?”

मादाम दापानं वाचलं. “तू माझ्या घराचा खांब होतास.”

“खांब?” अफ्राकोमाला हसू फुटलं, तोंडावर कापड धरलं तरी आवरेना. “अगं, तो माणूस दोन दिवस घरात थांबला नाही कधी. खांब कसला! लॉरी होती ती.” मग तिनं डोळे पुसले. “आता माझं वाच.”

मादाम दापानं त्या पानाची एक प्रत छापून काढली आणि उभ्यानं वाचली. “वळणावर तू दोनदा हॉर्न वाजवायचास म्हणजे मी चुलीवर पाणी ठेवायचे. आता कुठलीही लॉरी वाजली की माझा हात भांड्याकडे जातो. तुझी लॉरी मोडून पडली त्या वर्षी मी कांदे विकून या घरावर पत्रे घातले, हे तू सगळ्यांना सांगायचास. आता तू नाहीस, म्हणून मी सांगते.”

समोरून बोआमा ऐकत होता. दारात फोसुहेनेची धाकटी बहीण उभी होती, अफ्राकोमाला न्यायला आलेली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“हे पुस्तकात नव्हतं,” ती म्हणाली.

“मशीन बंद होतं,” मादाम दापा म्हणाली.

“मग राहिलंच ते,” बहीण म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. “चल वहिनी, भात उरलाय तो वाटायचाय.”

अफ्राकोमानं कागद दुमडला आणि पुस्तिकेत ठेवला, आपल्या फोटोच्या पानात, खांबाच्या ओळीवर. पुस्तिका कमरेच्या कापडात खोचली आणि नणंदेच्या मागून निघाली.

दोन दिवसांनी तविआ डोंगरावरून उतरला, रोडावलेला, शांत चेहऱ्याचा. त्यानं पासवर्ड मारला, चार बटणं दाबली. “झालं, मादाम. आता मागे काहीही लावा. घरच्या डिस्कलाच आधी विचारेल.”

मादाम दापानं मान हलवली आणि बाजाराच्या भिंतीकडे बघितलं. फोसुहेनेच्या पोस्टरवर कोणाचं तरी नवं पोस्टर चिकटत होतं. मोठं होतं. भाऊ बोलत नसावेत.